एल फ्लोरिदोच्या नाक्यावर

'सीमा' हा शब्द ऐकला की आपण बेळगावकर जरा सावरूनच बसतो. १९५६ पासूनचा आपला अनुभवच तसा आहे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत ह्यूस्टनला गेलो असताना भाचा म्हणाला, "मामा, पाठीवर पिशव्या टाकू, ग्वाटेमालातून होंडुरासची सीमा ओलांडू आणि धबधबा बघून येऊ," तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. धबधब्याला आपली आंबोली काय वाईट आहे? पण पोरगा हट्टी. परवानग्यांचे सोपस्कार त्यानेच उरकले आणि पंचेचाळिशी ओलांडलेला मामा पिशवी पाठीवर घेऊन निघाला.

ग्वाटेमालातल्या चिकिमुला गावाहून सकाळी मिनीबस मिळाली. आपल्याकडच्या वडापसारखीच. बसायला जागा नसली तरी माणूस आत मावतो. खोकोतान, कामोतान अशी गावे घेत ती डोंगरातून चालली होती. शेजारी एक आजीबाई नातवाशी बोलत होती. भाच्याला स्पॅनिश बऱ्यापैकी येते, पण त्याला एक अक्षर कळेना. पुढच्या बाकावरच्या माणसाने सांगितले, "ती चोर्ती बोलतेय." चोर्ती ही एक माया भाषा. ग्वाटेमालाने २००३ मध्ये कायदा करून अशा देशी भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली आहे.

एल फ्लोरिदोचा नाका म्हणजे मालट्रकांची रांग आणि नोटांची पुडकी हातात घेतलेले पैसे बदलणारे. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात. इकडचा शिक्का, तिकडचा शिक्का, की झाले. केत्साल देऊन लेंपिरा घेतले. केत्साल हे पक्ष्याचे नाव आणि लेंपिरा हा स्पॅनिशांशी लढलेला लेंका लोकांचा नायक. इकडे पक्षी मोडून तिकडे सरदार घ्यायचा!

मला राहवेना. इथे सीमावाद नव्हता का? होता तर! स्पेनची सत्ता १८२१ मध्ये गेली, त्यानंतर दोघे शंभर वर्षे भांडले. शेवटी १९३० मध्ये त्यांनी लवाद नेमला. अमेरिकेचे सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज त्याचे प्रमुख होते. जानेवारी १९३३ मध्ये निवाडा झाला आणि दोघांनी तो मानला. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हेवा वाटला, हे कबूल करतो.

नाक्यापासून कोपान रुइनास हे गाव बारा-एक किलोमीटर. गावात उतरलो तर समोर रिक्षा उभ्या, आणि त्याही आपल्या बजाजच्या! पुण्याचे नाव इतक्या दूर वाचून ऊर भरून आला. न्याहारीला बालेआदा खाल्ली. गव्हाची जाडसर पोळी, आत घोटलेला घेवडा, साय आणि चीज. आपल्या जिभेला परकी वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सांता रीता गावाजवळच्या 'एल रुबी' धबधब्याला गेलो. वाटाड्या म्हणून गावातला एक पन्नाशीचा गृहस्थ घेतला. अनोळखी मुलखात आडवाटेला एकट्याने जाऊ नये. वाट ओढ्याच्या काठाकाठाने जाते. दगड शेवाळलेले, माझे दोनदा पाय घसरले. धबधबा फार उंच नाही, पण खाली डोह आहे आणि पाणी थंडगार. भाचा डोहात उतरला. मी पाय सोडून दगडावर बसलो.

वाटाड्याही चोर्तीच. आदल्या दिवशीच्या आजीची भाषा येते का, असे भाच्याकरवी विचारले. तो हसला. आजोबा बोलायचे, म्हणाला. वडिलांना समजायची. शाळा स्पॅनिश, कामधंदा स्पॅनिश. पाण्याकडे बोट करून म्हणाला, "एवढा एक शब्द येतो. हा." चोर्तीत पाण्याला 'हा' म्हणतात.

परतताना कोपानचे अवशेष पाहिले. तिथे एक भव्य जिना आहे. त्याच्या पायऱ्यांवर दोन हजारांहून अधिक चित्राक्षरे कोरलेली आहेत. माया लोकांचा हा सर्वांत लांब शिलालेख. त्या लेखांच्या भाषेला आजच्या बोलत्या भाषांत सर्वांत जवळची मानतात ती चोर्तीच, आणि पाण्याला त्या लेखांतही 'हा'च म्हटले आहे. दगड सीमेच्या या बाजूला आणि भाषा बोलणारी आजी त्या बाजूला. लवादाने डोंगर-नद्यांची वाटणी केली, पण या बाजूची भाषा घराघरांतून गेली. तिच्यासाठी कोणता लवाद नेमणार?

घरी परतल्यावर मुलीला हे सगळे सांगत होतो. ती इंग्रजी शाळेत जाते, कन्नड पाट्या झरझर वाचते, त्याचे मला कौतुकच आहे. मी म्हटले, "वाटेत एक ओहोळ लागला." तिने विचारले, "ओहोळ म्हणजे काय बाबा?"

मी मराठी शिकवतो. मोर्चातही गेलो आहे. पण हा शब्द माझ्याच घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून यादी केली: झरा, ओहोळ, ओढा, नाला, डोह, धबधबा. आता रोज रात्री जेवणानंतर एक पान मराठी मोठ्याने वाचायचे ठरले आहे. आज पाचवा दिवस.