पाठकोरे कागद

मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो : आरंभीच्या मराठी कादंबरीची वैशिष्ट्ये लिहा. आपणही ठरलेले उत्तर लिहितो. 'मुक्तामाला' १८६१ साली आली, 'मंजुघोषा' १८६८ साली आली. त्या अद्भुतरम्य होत्या. त्यांत योगायोगांची रेलचेल होती आणि वास्तवाशी फारकत होती. एवढे लिहिले की गुण पदरात पडतात. 'अद्भुतरम्य' हा शब्द आपण असा लिहितो, की जणू त्या लेखकाला कामच करावे लागले नाही! मनाला येईल ते लिहायचे, हिशेब कोण मागतो?

मीही परीक्षेत असेच लिहिले आहे. पण आता मला तो समज बरोबर वाटत नाही. त्याला चिकटलेला दुसरा एक समजही आहे. लिहिणे हे ज्यांना 'सुचते' त्यांचे काम. ज्यांना सुचत नाही त्यांनी वाचावे आणि गप्प बसावे. या दुसऱ्या समजाने माझे स्वतःचे नुकसान केले, म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी याच अंकासाठी मी एक गोष्ट दिली होती. आठ दिवसांनी ती परत आली. समासात तांबड्या शाईने लिहिले होते : 'कल्पना चांगली. पुन्हा लिहून आणा.' मी ती पुन्हा लिहिली नाही. वहीत घडी करून ठेवली आणि कोणाला दाखवलीही नाही. माझी आई विड्या वळते. दिवसभर मांडीवर सूप घेऊन वळलेल्या विड्या ती संध्याकाळी मोजून द्यायला जाते, तेव्हा तपासणारा माणूस मूठभर विड्या बाजूला टाकतो. त्या छाटीत जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. लहानपणापासून मला एवढेच ठाऊक, की परत आलेला माल म्हणजे वाया गेलेला माल. माझी गोष्ट परत आली तेव्हा मला वाटले, आपणही छाटीत गेलो. वर्गातले काहीजण सांगतात, 'काल रात्री सुचले आणि एका बैठकीत लिहून काढले.' आपल्याला एका बैठकीत जमत नाही, म्हणजे आपल्यात ती गोष्ट नाही, असे मी धरून चालले.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी इंग्रजीच्या सरांनी ग्रंथालयातून एक चरित्र काढून दिले. हम्फ्री कार्पेंटर यांनी १९७७ साली लिहिलेले, टोल्किन या इंग्रज कादंबरीकाराचे. पहिली वीस पाने वाचायला मला चार दिवस लागले. शब्दकोश उशाशी होताच. पुढे वेग आला. हा टोल्किन म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक. त्या कादंबरीवर २००१ ते २००३ या काळात निघालेले तीन चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. बुटके हॉबिट, चेटके, बोलणारी झाडे, सगळ्या जगाला गुलाम करणारी एक अंगठी! यापेक्षा अधिक अद्भुतरम्य ते काय असणार? पण मला त्या अंगठीपेक्षा तिच्या लेखकाचा दिवसच जास्त नवलाचा वाटला.

तो ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता. चार मुलांचा बाप. सकाळी सायकलवरून प्रार्थनेला जायचे, मग व्याख्याने, विद्यार्थी, समित्यांच्या सभा. पगार पुरत नसे, म्हणून उन्हाळ्यात शाळांच्या परीक्षेचे पेपर तपासण्याचे जादा काम तो घेई. घरातली सगळी झोपली की रात्री त्याचे लेखन सुरू होई आणि मध्यरात्र उलटून गेली तरी चाले. कोणा परीक्षार्थीने उत्तरपत्रिकेतले एक पान कोरे सोडले होते. पेपर तपासून कंटाळलेल्या टोल्किनने त्या पानावर एक वाक्य लिहिले : जमिनीतल्या एका बिळात एक हॉबिट राहत होता, अशा अर्थाचे. हॉबिट म्हणजे काय, हे तेव्हा त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. त्या वाक्यातून 'द हॉबिट' हे पुस्तक झाले आणि १९३७ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाले. (आपल्या प्राध्यापकांनी आमच्या उत्तरपत्रिकांतली कोरी पाने या दृष्टीने जरूर पाहावीत. ती भरपूर सापडतील!)

पुस्तक खपले. प्रकाशकाने पुढचा भाग मागितला. त्याच वर्षी डिसेंबरात टोल्किनने पहिले प्रकरण लिहिले. पुढचा भाग छापून यायला मात्र १९५४ साल उजाडले. सतरा वर्षे!

या सतरा वर्षांत तो काय करीत होता? सुचण्याची वाट पाहत बसला होता का? मुळीच नाही. तो लिहीत होता, खोडत होता आणि पुन्हा पहिल्यापासून लिहीत होता. त्याचे खर्डे त्याचा मुलगा ख्रिस्तोफर याने पुढे संपादित करून छापले. या कादंबरीचे खर्डे असलेले चार खंड १९८८ ते १९९२ या काळात निघाले. त्यामुळे कादंबरी कशी घडली हे आज कोणालाही पाहता येते. पहिलेच प्रकरण त्याने कितीदा तरी नव्याने लिहिले. नायक फ्रोडो याचे नाव आधी बिंगो होते. जो स्ट्रायडर शेवटी राजा होतो, तो पहिल्या खर्ड्यात लाकडी बूट घालून फिरणारा ट्रॉटर नावाचा एक हॉबिट होता! आणि ज्या अंगठीवर सारी कादंबरी उभी आहे, तिचे महत्त्व आरंभी लेखकाच्याही ध्यानात आलेले नव्हते. ते लिहिता लिहिता कळत गेले. मागे जाऊन आधीची प्रकरणे त्याला नव्याने जुळवून घ्यावी लागली.

मध्येच महायुद्ध आले. कागद मिळेना. मग त्याने परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका पालथ्या केल्या आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिले. आधी पेन्सिलीने घाईत ओढलेला खर्डा, मग त्याच अक्षरांवरून शाईने दुसरा, अशी कितीतरी पाने आहेत. मोरियाच्या खाणीतल्या एका थडग्यापाशी कथा येऊन थांबली आणि जवळजवळ वर्षभर पुढे सरकली नाही. रात्री हवाई हल्ल्यांच्या वेळचा पहारा असे, घरी कोंबड्या पाळलेल्या होत्या, विद्यापीठाचे काम होतेच. १९४४ साली त्याने पुन्हा नेटाने हात घातला. ख्रिस्तोफर तेव्हा विमानदलाच्या शिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. झालेली प्रकरणे बाप त्याला टपालाने पाठवी.

त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या एका पत्रात एक हकीकत आहे, ती मी दोनदा वाचली. लिहिताना टोल्किनच्या लक्षात आले, की आपल्या कथेतल्या चंद्राचा हिशेब चुकला आहे. कथेतली माणसे दोन वाटांनी गेली आहेत. एकीकडे चंद्र उगवतो आहे आणि त्याच वेळी दुसरीकडे तोच चंद्र मावळतो आहे! मग मागची प्रकरणे काढून त्याने तो चंद्र जागेवर आणला. त्यात त्याची सबंध दुपार गेली.

मित्रहो, ज्या जगात चेटके आणि बोलणारी झाडे चालतात, तिथे चंद्र कधी उगवला हे कोण तपासणार होते? एकही वाचक तपासणार नव्हता. तरी त्याने ती दुपार दिली. वास्तवाशी फारकत ती हीच का? मला तर वाटते, वास्तववादी लेखकाला चंद्र आयता मिळतो. अद्भुत लिहिणाऱ्याला तो स्वतः उगवावा आणि मावळवावा लागतो. 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांच्या लेखकांनी किती खर्डे केले हे मला ठाऊक नाही. पण तो प्रश्न मनात न आणता एका विशेषणाने त्यांना निकालात काढणे मला यापुढे जमणार नाही.

लेखन संपले तरी कष्ट संपले नाहीत. हजारावर पानांची ती कादंबरी टंकलिखित करायची होती. धंदेवाईक टंकलेखकाला देण्याइतके पैसे नव्हते. टेबलावर जागा नव्हती, म्हणून माळ्यावर पलंगावर यंत्र ठेवून, दोन बोटांनी, प्राध्यापक महाशयांनी ती स्वतः टंकलिखित केली. पक्की प्रत १९४९ साली पुरी झाली.

इथे कोणी म्हणेल, 'बाई, तो ऑक्सफर्डचा प्राध्यापक. त्याचे घर, त्याचे टेबल, त्याचा पगार. तुझी आणि त्याची तुलना कशाला?' आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. टोल्किन चार वर्षांचा असताना त्याचे वडील गेले आणि बाराव्या वर्षी आई गेली, तो ऑक्सफर्डला शिष्यवृत्तीवर शिकला, हे सांगूनही आक्षेप पुरता मिटत नाही. कारण रात्री घर झोपल्यावर तो टेबलाशी बसू शकत होता, याचे एक कारण दिवसा ते घर चालवणारी त्याची पत्नी एडिथ हे होते. तिला पियानो उत्तम येत असे. ऑक्सफर्डच्या विद्वान मंडळींत मात्र तिचे मन कधी रमले नाही. तिच्या वाट्याला कोणती रात्र आली? आमच्या घरी सर्वांची जेवणे झाल्यावर भांडी घासून मी जेव्हा वही उघडते, तेव्हा मला टोल्किनच्या आधी एडिथ आठवते. आपल्या महाविद्यालयातल्या किती मुलींना तो रात्रीचा तासही मिळत नाही, हे मुलींना विचारावे.

पण हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. प्रतिभा कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, याचा न्याय कोणालाच लावता येत नाही, आणि म्हणूनच तो नेहमी आमच्यासारख्यांच्या विरुद्ध लागतो. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, त्याला प्रतिभा आहे असे आपण गृहीत धरतो. पुनर्लेखनाचे तसे नाही. चुकलेला चंद्र शोधायला दुपार लागते, पाठकोरा कागद लागतो आणि चिकाटी लागते. चिकाटी आमच्या घरात पिढीजात आहे. पुस्तकांचे कपाट नसले तरी चालेल, पण खर्डा बदलायचा असतो हे आम्हाला कोणीतरी वेळेवर सांगायला हवे. ज्यांच्या घरी वडील लिहितात-वाचतात, त्यांना ते जेवताना कळते. मला ते एकोणिसाव्या वर्षी, शब्दकोश उशाशी घेऊन कळले.

आणखी एक गोष्ट टोल्किनजवळ होती. गुरुवारी रात्री सी. एस. लुईस या त्याच्या मित्राच्या खोलीत काही मंडळी जमत. जो तो आपले अपुरे लेखन वाचून दाखवी. कोणी वाखाणी, कोणी उघडपणे कंटाळे. लुईसने सतत उत्तेजन दिले नसते तर आपली कादंबरी पुरी झाली नसती, असे टोल्किनने पुढे स्वतः मान्य केले आहे. 

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या वाङ्मय मंडळाचे दरवर्षी उद्घाटन होते. हारतुरे होतात, पाहुण्यांचे भाषण होते, आभार मानले जातात आणि मंडळ पुढच्या उद्घाटनापर्यंत झोपी जाते. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस शेवटच्या तासानंतर एक वर्ग उघडा ठेवावा. तिथे फक्त अपुरे लेखन वाचावे. प्राध्यापकांनी बसावे, पण शेवटी बोलावे. आणि वार्षिक अंकासाठी साहित्य परीक्षेच्या तोंडावर न मागता ऑगस्टमध्ये मागवावे, म्हणजे ते परत पाठवायला आणि पुन्हा लिहायला वेळ मिळेल. माझ्या गोष्टीवर तांबड्या शाईने लिहिणाऱ्या सरांना मी वर्षभर मनातल्या मनात दोष दिला. आता वाटते, त्यांनी ती छाटीत टाकली नव्हती. त्यांनी समासात दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या, काय बदलायचे ते सांगितले असते, तर मी वर्ष वाया घालवले नसते, एवढेच.

ती गोष्ट मी परवा बाहेर काढली. विडीची पाने कापता कापता पोर पळवणाऱ्या एका चेटकिणीची ती गोष्ट आहे. वाचताना दिसले, की चेटकीण अमावास्येला येते आणि पुढच्याच पानावर चांदण्यात तिची सावली पडते. मला हसू आले. कारखान्याच्या जुन्या हिशेबाचे पाठकोरे कागद आईने माझ्यासाठी जपून ठेवलेले असतात. त्यांतला एक घेतला आणि पहिल्यापासून लिहायला बसले.