श्वानसंतति आणि गृहस्थधर्म

घरची कुत्री व्याली म्हणजे पहिले कांहीं दिवस कौतुकाचे असतात. मुलें पिल्लांस नांवें ठेवतात, शेजारी पाहावयास येतात. पुढें पिल्लें ओरडूं लागलीं कीं एखाद्या रात्रीं पोत्यांत घालून तीं बाजारांत किंवा पांजरपोळाच्या दाराशीं सोडण्यांत येतात. आमच्या नंदुरबारकडील सुशिक्षित घरेंही यास अपवाद नाहींत. अशा गृहस्थांस कुत्रीवर वेळींच शस्त्रक्रिया करून घेण्याविषयीं सुचविलें, तर 'मुक्या जनावरावर असा अन्याय कशाला?' असें ते उलट आम्हांसच विचारतात. या प्रश्नाचा आज विचार करूं.

आपल्याकडील पांजरपोळ दयेंतून निघाले. 1832 सालीं सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम काढला, तेव्हां मुंबईंत पारशी मंडळींनीं दंगा केला. पुढें 1834 सालीं सर जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनीं तेथें पांजरपोळ स्थापिला. हेतु स्तुत्यच होता. परंतु पांजरपोळास भिंती असतात, येणाऱ्या पिल्लांस मात्र मर्यादा नसते. कुत्री बहुधा वर्षांतून दोनदां माजावर येते, सुमारें 63 दिवसांनीं विते, आणि एका वेतांत चार-सहा पिल्लें होतात. जागा भरली कीं दाटी होते, दाटींत एका आजारी पिल्लाचा रोग साऱ्यांस लागतो. तेव्हां दाराशीं पिल्लूं सोडणाऱ्यानें त्यास जीवदान दिलें, असें म्हणणें धाडसाचें होय.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमा ही देवशुनी जनमेजयाच्या सत्रांत येऊन विचारते, माझ्या निरपराध पिल्लास कां मारलें? तेथें कोणासही उत्तर देतां आलें नाहीं. पोतें रिकामें करून परतणाऱ्या गृहस्थास तरी तें कोठून देतां येणार?

राहिला पापाचा प्रश्न. गोऱ्ह्याचा बैल करण्यांत आपल्या शेतकऱ्यानें कधीं पाप मानलें नाहीं, आणि पोळ्यास त्याच बैलाची पूजा आपण करतों. तेथें हेतु आपल्या कामाचा असतो. येथें तर हित त्या जनावराचेंच. शिवाय शस्त्रक्रिया भूल देऊन होते. तीमुळें कुत्रीस गर्भाशयांत पू होण्याचें भय राहत नाहीं, व ती लवकर केल्यास स्तनांच्या गांठींचें भयही पुष्कळ कमी होतें. 'एक वेत तरी होऊं द्यावें' या समजुतीस वैद्यकाचा आधार नाहीं. नराचीही शस्त्रक्रिया करावी. पिल्लांचा दोष एकट्या मादीचा नव्हे.

रस्त्यावरील कुत्र्यांसाठीं 2001 च्या केंद्रीय नियमांनीं निर्बीजीकरण व रेबीजची लस हाच मार्ग ठरविला, आणि 2023 च्या नियमांनीं तें काम स्थानिक संस्थांवर सोंपविलें. 7 नोव्हेंबर 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें वगैरे ठिकाणचीं कुत्रीं निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. म्हणजे निवाऱ्यांवरील भार वाढावयाचा. अशा वेळीं घरांत जन्मलेल्या पिल्लांची भर तरी आपण घालूं नये.

कुत्रें सहा महिन्यांचें होतांच पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. नगरपालिकेनें शस्त्रक्रियेची काय व्यवस्था केली आहे हें नागरिकांनीं लेखी विचारावें. अक्राणीच्या डोंगरांतून कुत्रें घेऊन खालीं येणें गरिबास सोपें नाहीं. तेव्हां धडगांव, अक्कलकुवा येथें ठराविक दिवशीं शिबिर भरावें, असा आग्रह आपण धरावयास हवा.

दत्ताच्या चित्रांत पायांशीं चार श्वान असतात. दत्तजयंतीस सारंगखेड्याच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या लोकांस श्वानाविषयीं दया शिकविण्याची गरज नाहीं. फक्त ती दया पिल्लें जन्मण्यापूर्वीं सुचली पाहिजे. ज्यास तीं पोसतां येणार नाहींत, त्यानें तीं होऊं देऊं नयेत, इतकेंच आमचें सांगणें आहे.