शेडची आतली बाजू

जुना डॅनिश दिवा हाती आला की आपण आधी शिक्का शोधतो, मग पोचे मोजतो, मग भाव पाडायला लागतो. दिवा लावून दाखवा असं म्हणणारा गिऱ्हाईक विरळाच. पॉल हेनिंगसेनच्या दिव्यांत तर सगळी करामत प्रकाशाची आहे. 1925-26 च्या सुमारास त्याने तीन शेडची रचना बसवली ती बल्ब डोळ्यांत खुपू नये आणि उजेड टेबलावर यावा म्हणून. काचेच्या शेड आतून मुद्दाम मंद ठेवल्या, बाहेरून चकचकीत.

आणि आपण काय करतो? पिनचा बल्ब बसावा म्हणून आट्यांचा मूळ होल्डर काढून टाकतो. नवा होल्डर थोडा लांब निघतो, बल्ब खाली सरकतो आणि जेवायला बसलेल्याच्या डोळ्यांवर थेट झोत येतो. त्यात एलईडीची मान प्लास्टिकची, म्हणजे वरची शेड काळोखात. डेन्मार्कचा व्होल्टेज आपल्यासारखाच, आट्यांचे बल्बही आता इथे सहज मिळतात. मग होल्डरला हात लावायचं कारणच उरत नाही. वायर मात्र बदलाच. रबर वाळून तडकलेली जुनी वायर जपण्यात कसला आलाय अस्सलपणा?

1958 चा पीएच 5 या बाबतीत सोशिक. बल्बवाले दर थोड्या दिवसांनी आकार बदलतात म्हणून वैतागून हेनिंगसेनने तो कुठलाही बल्ब चालेल असा केला. (मोठी शेड 50 सेंटिमीटरची, म्हणून 5.) पण त्याच्या पोटात लाल आणि निळा रंग आहे. डोळ्याला हे दोन रंग कमी जाणवतात, ती उणीव भरून काढायला तो दिलेला. बाहेरून रंग उडालाय म्हणून अख्खा दिवा पांढऱ्या स्प्रेखाली धरणारे कारागीर आहेत, आणि त्याला ‘रिस्टोअर्ड’ म्हणून चढा भाव लावणारे व्यापारीही. आमच्या मते असा दिवा कमी किमतीचाच. खरचटलेला, पण आतून मूळ रंगाचा दिवा त्याहून केव्हाही सरस.

विक्रीची जाहिरात पाठवताना पुढच्या अंकापासून दोन गोष्टी लिहा: होल्डर मूळचा आहे का, आणि आतून पुन्हा रंग दिलाय का. सोबत दिवा लावून, खालून काढलेला एक फोटो जोडा.