नळीवरचं नाव

व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला जाऊन आले आणि फोनवर मावशीला सगळ्यात जास्त वेळ कशाबद्दल सांगितलं असेल, तर एका बंदुकीबद्दल. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, माणसं मारायची वस्तू ती. तिच्यात सुंदर काय बघितलंस?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. चार दिवस तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून हे लिहितेय.

आधी बंदुकीबद्दल. विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकातलं गाव जसंच्या तसं उभं केलेलं आहे, आणि तिथले कारागीर त्याच काळच्या पद्धतीने कामं करतात. १९६९ साली तिथल्या वॉलेस गसलर या कारागिरावर एक माहितीपट निघाला. त्यात तो लोखंड, पितळ आणि लाकूड घेऊन अख्खी 'लाँगरायफल' हाताने घडवतो. ही ठासणीची, चकमकीची बंदूक. लोखंडाची लांब पट्टी तापवायची, सळईभोवती गुंडाळायची आणि थोडी थोडी करत ठोकून तिची नळी जुळवायची. मग ती आतून कोरायची, बाहेरून कानशीने अष्टकोनी करायची. त्यानंतर आत पिळाच्या खाचा. एकेका खाचेसाठी पातं पुन्हा पुन्हा नळीतून ओढायचं, दर वेळी किंचितच लोखंड निघणार. साडेतीन फुटांहून लांब नळी! तिला मेपलच्या लाकडाचा दस्ता, आणि दस्त्यात पितळी झाकणाची एक छोटी डबी. तेलकट चिंध्या ठेवायला. गोळी अशा चिंधीत गुंडाळून गजाने आत ठासली की चिंधी खाचांत घट्ट बसते आणि सुटताना गोळीला गिरकी मिळते.

घोड्याच्या तोंडातली गारगोटी पोलादावर घासली की ठिणगी पडते ती बाहेरच्या चिमूटभर दारूत. या दारूला मराठीत 'रंजक' म्हणतात. मनोरंजनाशी काही संबंध नाही हं!

गंमत म्हणजे या बंदुकीला अगदी 'अमेरिकन' म्हणतात, पण तिचं मूळ जर्मन. पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन भाषक कारागिरांनी आपल्याकडची आखूड, जाड शिकारी रायफल हळूहळू लांब आणि सडपातळ केली. गोळी लहान, म्हणजे शिसं आणि दारू कमी लागते. जंगलात राहणाऱ्याला ते परवडायचं. चाप-घोड्याची कळ पुष्कळदा इंग्लंडहून तयारच यायची. तेव्हा 'सगळं एका हाताचं' हा आपला हट्ट त्या लोकांना नव्हता. पण नळीवर नाव मात्र कोरायचे. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट हा त्यातला नामवंत. त्याच्या नावाच्या रायफली आज संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत.

आणि इथेच मावशीचा प्रश्न मला टोचायला लागतो.

कारण लँकेस्टर हे नाव मी आणखी एका संदर्भात वाचलं होतं. १४ डिसेंबर १७६३ ला सीमेवरच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळीने तिथून जवळच, कोनेस्टोगा इथे राहणाऱ्या सहा मूळनिवाशांना ठार केलं. ही शांतपणे शेजारी राहणारी माणसं होती. उरलेल्या चौदा जणांना संरक्षण म्हणून लँकेस्टर गावातल्या एका सरकारी इमारतीत ठेवलं. २७ डिसेंबरला टोळी तिथेही आली आणि त्या चौदाही जणांना मारून गेली. त्यात लहान मुलं होती. बेंजामिन फ्रँकलिनने १७६४ मध्ये या हत्याकांडाविरुद्ध संतापून पुस्तिका लिहिली. शिक्षा कुणालाच झाली नाही.

बंदूक घडवणाऱ्याचं नाव नळीवर आहे. मारणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठल्या निकालपत्रावर नाही.

माझा एक मित्र म्हणतो, कलाकृती म्हणून बघ ना, त्यात इतिहास कशाला कालवतेस? मला हे पटत नाही. ती लांब नळी, ती बारीक गोळी, तो नेम, हे सगळं सौंदर्य कामातूनच आलंय. काम म्हणजे हरीण मारणं, आणि काम म्हणजे माणूस मारणंही. ते वगळलं तर उरते भिंतीवरची शोभेची काठी. आणि बिचाऱ्या मूळनिवाशांपुढे गोऱ्यांची बंदूक, असंही सोपं चित्र नाही. डेलावेअर आणि शॉनी शिकाऱ्यांनीही हीच रायफल आपलीशी केली होती, आणि त्यांचा नेमही पक्का होता.

पण मावशीचंही मला पूर्ण पटत नाही. कानस घेऊन वाकलेला तो माणूस आणि त्या एकेका खाचेमागची चिकाटी खोटी कशी म्हणू? हे हातांचं ज्ञान एकदा तुटलं की जुन्या बंदुका उघडून, निरखून परत शिकावं लागतं. ते टिकवणाऱ्यांना माझा मनापासून नमस्कार.

माझं म्हणणं एवढंच की काचेच्या पेटीत ही रायफल ठेवताना शेजारच्या पाटीवर दोन्ही लिहा. कोणी घडवली तेही, आणि ती ज्या काळात घडली, त्या काळात त्याच गावात काय घडलं तेही. लोक बंदूक बघायचं सोडणार नाहीत. उलट जरा जास्त वेळ थांबतील.

मावशी, सुंदर होती गं ती. आणि तू म्हणतेस तेही खरंच आहे. रविवारी फोन करते, तेव्हा भांडू.