स्वातंत्र्याचा राखणदार कोण?

बंगळुरू : आधार योजनेचे आणि तिला दिलेल्या आव्हानाचे असे दोन्ही सूत्रधार याच शहराचे रहिवासी असावेत, हा विलक्षण योगायोग होय. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक वितरित झाले, तेव्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी बंगळुरूचे नंदन निलेकणी होते. दोनच वर्षांनी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या ८६व्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. संसदेच्या कायद्याविना नागरिकांच्या बोटांचे ठसे कसे घेता, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असा पवित्रा सरकारने २०१५ मध्ये घेतला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी तो एकमताने फेटाळला. आणीबाणीत व्यक्तिस्वातंत्र्याची दाद मागण्याचा मार्ग बंद करणारा १९७६ चा निकालही त्याच वेळी मोडीत निघाला. त्या निकालातील बहुमताच्या बाजूस न्या. यशवंत चंद्रचूड होते; तो चूक ठरविला त्यांच्याच पुत्राने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी.

न्यायालयात हे घडत असताना संसद काय करीत होती? मार्च २०१६ मध्ये आधार विधेयक धनविधेयक म्हणून आणले गेले. राज्यसभेने सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या आणि वरिष्ठ सभागृहाचा प्रश्नच मिटला.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर या चिमुकल्या राज्याचे उदाहरण उद्बोधक आहे. लोकसंख्या जेमतेम १४ लाख, पण कनिष्ठ सभागृहाचे सदस्य ४००. केंद्राच्या ओळखपत्र योजनेत सहभागी होण्यास या राज्याने २००७ मध्ये कायदा करून नकार दिला. २०१६ मध्ये ती ऐच्छिक स्वरूपात स्वीकारली. नोव्हेंबर २०१८ मध्ये वैयक्तिक माहितीच्या खासगीपणाचा हक्क तेथील मतदारांनीच राज्यघटनेत समाविष्ट केला.

अर्थात, संपन्न राज्याचा मापदंड आपल्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. सोलापूरहून येथे बांधकामावर आलेल्या मजुराला गावच्या शिधापत्रिकेवर धान्य मिळू शकते, ते आधारच्याच बळावर. तथापि, बोटांचे ठसे जुळले नाहीत तर त्याच मजुराने कोणाकडे जायचे? आणि घरमालक आधारची प्रत मागतो, तेव्हा ‘ऐच्छिक’ या शब्दाला अर्थ तो काय उरतो?

२०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली आहे. पुट्टस्वामी ऑक्टोबर २०२४ मध्ये निवर्तले. प्रत्येक वेळी एखाद्या वयोवृद्ध नागरिकाने न्यायालयाची पायरी चढावी, यावर लोकशाही विसंबून राहू शकत नाही. ती राखणदारी मुळात लोकप्रतिनिधींची आहे.