मांडवीकाठचा हिशेब

हळदीची आवक ओसरली आणि मोंढ्यातील काट्यांना थोडी उसंत मिळाली, की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव या गावांतील व्यापारी घरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. वडीलधारी मंडळी शिखरजीची गोष्ट काढतात, तरुण मंडळी गोव्याची. गोव्याच्या बेतात मंगेशी, दूधसागर, कळंगुट ही नावे मोठ्याने घेतली जातात; एक नाव मात्र मित्रामित्रांतच, हलक्या आवाजात घेतले जाते. ते नाव कॅसिनोचे. ‘खेळायचे नाही, नुसते पाहून यायचे,’ असे त्याला पुढे जोडलेले असते. पाहून येण्यात काय पाहिले जाते आणि घरी येताना काय बरोबर येते, याचा विचार कुटुंबात उघडपणे व्हावा, इतके या विषयाचे महत्त्व निश्चितच आहे.

गोव्यात जुगारास मुळात बंदीच आहे. १९७६च्या जुगारप्रतिबंधक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना मुभा मिळाली, आणि १९९६ साली जहाजांवर प्रत्यक्ष मेजांवरचे खेळ खेळण्यास परवानगी मिळाली. म्हणूनच पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची मोठी जहाजे नांगर टाकून उभी दिसतात, आणि किनाऱ्यावरील काही हॉटेलांत लहान, यंत्रांचे कॅसिनो चालतात. आपल्या महाराष्ट्रातही १९७६ साली कॅसिनोंविषयी एक कायदा संमत झाला होता. तो कधीही अमलात आला नाही आणि २०२३ साली विधिमंडळाने तो रद्दच केला. गोव्याच्या वाटेवरील मराठी प्रवाशांची गर्दी काही अंशी या फरकातून आलेली आहे.

हॉटेलातील लहान कॅसिनो जहाजासारखा दिपवून टाकत नाही, आणि त्यामुळेच नवख्याला तो निरुपद्रवी वाटतो. दारात ओळखपत्र पाहिले जाते. वय २१ पूर्ण असावे लागते. आत मंद प्रकाश, गार हवा, पायाखाली जाड गालिचा आणि रांगेने मांडलेली यंत्रे. भिंतीवर घड्याळ नसते, खिडकीतून आकाश दिसत नाही. सायंकाळ सरली की मध्यरात्र उलटली, हे कळण्याचे साधन उरत नाही. खाणेपिणे जागेवर येते. रोख नोटांच्या बदली चिप्स मिळतात किंवा यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटतो. पाचशेची नोट हातातून सोडताना व्यापाऱ्याचा हात क्षणभर थांबतो. पडद्यावरील आकड्यातून पाचशे वजा होताना तो थांबत नाही. या एका बदलावर या व्यवसायाचा बराचसा डोलारा उभा आहे.

आता खेळाचा हिशेब मांडून पाहावा. रूलेच्या चाकावर १ ते ३६ आणि एक शून्य, असे ३७ खण असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तोच आकडा आला, तर ३५ पट म्हणजे ३,५०० रुपये मिळतात आणि लावलेले १०० परत येतात. समजा, एखाद्याने ३७ही खणांवर प्रत्येकी १०० रुपये लावले. त्याचे ३,७०० रुपये गुंतले. चेंडू कोठेही थांबो, हाती ३,६०० येतील. शंभर रुपये गेले, आणि तेही नशिबाचा कोणताही संबंध न येता. ही शेकडा दोन रुपये सत्तर पैशांची अडत झाली. काही चाकांवर दोन शून्ये असतात. तेथे खण ३८ होतात आणि अडत शेकडा सव्वापाचच्या वर जाते.

अडतीचा धंदा करणाऱ्यास पावणेतीन टक्के फार वाटणार नाहीत. फरक असा, की मोंढ्यात एका मालावर अडत एकदा लागते. चाकावर ती प्रत्येक फेरीला लागते. दर फेरीला १,००० रुपये लावणारा माणूस तासाभरात ४० फेऱ्या खेळला, तर त्याची उलाढाल ४०,००० रुपयांची झाली आणि सरासरीने सुमारे १,०८० रुपये चाकाच्या मालकाकडे गेले. एखाद्या रात्री तो जिंकेलही. पण हजार माणसांच्या हजार रात्रींची बेरीज या गुणोत्तराजवळच येऊन थांबते. मालकाला कोणाचे नशीब फिरवावे लागत नाही. ग्राहक बसून राहिला, एवढे त्याला पुरते. नाण्यांच्या यंत्रांत तर हा दर किती, ते समोर बसून पाहणाऱ्यास मोजताही येत नाही.

यावर कराचा भार निराळा. कॅसिनोवर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर ठरला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर आयकराचा दर ३० टक्के आहे आणि हरलेल्या रकमेची वजावट त्यातून मिळत नाही. धंद्यात एका सौद्याचे नुकसान दुसऱ्या सौद्याच्या नफ्यातून वजा करण्याची सवय असलेल्या माणसाला हा एकतर्फी हिशेब विशेष ध्यानात घ्यावा लागेल.

तरीही सुशिक्षित, आकडेमोडीत तरबेज माणसे तेथे तासन्‌तास का बसतात? मॉंटे कार्लो या भूमध्य समुद्रकाठच्या नगरातील एक घटना याचे उत्तर देते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी तेथील एका चाकावर चेंडू सलग २६ वेळा काळ्या खणात पडला. पंधरा-सोळा वेळा काळे आल्यानंतर खेळणाऱ्यांना वाटू लागले, की आता तांबडे येणारच. आणि ते तांबड्यावर रक्कम वाढवीत गेले. त्या रात्री लाखो फ्रँक बुडाले. व्यापारी माणूस आयुष्यभर खतावणी लिहितो. मागील बाकी पुढे ओढणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते, म्हणून चाकाकडेही आपली काही येणे बाकी आहे असे त्याला वाटू लागते. चेंडूजवळ मात्र खतावणी नसते. प्रत्येक फेरी त्याच्या दृष्टीने पहिलीच असते.

मॉंटे कार्लोची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कॅसिनोच्या उत्पन्नामुळे मोनॅको संस्थानाने १८६९ साली आपल्या प्रजेवरील प्रत्यक्ष कर माफ केले. परंतु त्याच प्रजेला कॅसिनोत खेळण्यास मनाई ठेवली. गोव्यातही १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोच्या खेळदालनात प्रवेशबंदी करण्यात आली. ज्या घरी हे दुकान मांडले आहे, त्या घरचा कर्ता आपल्या मुलांना त्या दुकानाची पायरी चढू देत नाही. बाहेरगावच्या ग्राहकाने यातून योग्य तो बोध घ्यावा.

येथे एक आक्षेप हमखास येतो. व्यापार हाही जुगारच नव्हे काय? वखारीत हळद भरून ठेवणारा भाव चढेल या आशेवरच असतो ना? आक्षेप पोकळ नाही, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. हळद शेतकऱ्याच्या घरी पडून राहिली तरी भावाच्या चढउताराचे जोखीम असतेच. व्यापारी ते स्वतःच्या शिरावर घेतो, त्या बदल्यात शेतकऱ्याला आज पैसा मिळतो आणि दूरच्या गिऱ्हाइकाला उद्या माल मिळतो. चाकावरील जोखीम आधी कोठेही नसते. ते खेळासाठीच निर्माण केले जाते आणि फेरी संपताच कोणाच्याही उपयोगी न पडता नाहीसे होते.

या दोहोंमधील वाट किती निसरडी आहे, हे कापसाच्या पेठेने दाखवून दिले. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा उघडता व मिटता भाव काय निघाला, ही बातमी मुंबईच्या व्यापाऱ्यांना खरोखरच उपयोगाची होती. हळूहळू त्या भावाच्या आकड्यावर पैजा लागू लागल्या. १९६१ साली न्यूयॉर्कहून भाव येणे बंद झाले, तेव्हा कापूस संपला पण पैज संपली नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरवले जाऊ लागले आणि ‘मटका’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. त्यापूर्वी कोलकात्याच्या व्यापारी पेठेत पाऊस पडेल की नाही, यावरही बोली लागत असे. १८९७ साली बंगाल सरकारने कायदा करून ती बंद केली. माल बाजूला पडला आणि नुसता आकडा उरला, की सौद्याचा जुगार होतो, ही खूण पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावी.

आपल्या परंपरेत सप्तव्यसनांच्या गणनेत द्यूताचे नाव पहिले येते. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे ३५ गुण सांगताना प्रारंभ न्यायमार्गाने मिळविलेल्या धनापासून केला आहे. जैन कथासाहित्यातील नल आपला भाऊ कूबर याच्याशी फासे खेळून राज्य गमावतो, आणि विदर्भराजाची कन्या दवदंती त्याच्यामागून अरण्यात जाते. फासा नलाने टाकला; वनवास दोघांच्या वाट्याला आला. विशेष म्हणजे आपल्या पूर्वजांनी फाशाचा तिरस्कार केला नाही. ज्ञानबाजीच्या पटावर कवड्या वा फासे टाकूनच सोंगटी पापपुण्याच्या घरांतून वर चढते. तेथे पणाला काही लावलेले नसते, म्हणून तो खेळ घरातील आजी-नातवंडांचा राहिला.

पणाला काय लागते, हाच खरा प्रश्न आहे. पेढीच्या गल्ल्यात असलेली रक्कम दिसायला मालकाची असते. तिचे बारकाईने वाटे पाडले, तर त्यात शेतकऱ्याची पट्टी असते, हमालाची हमाली असते, बँकेचे व्याज असते, धाकट्या भावाचा हिस्सा असतो आणि बहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली पुंजी असते. एका रात्रीत पन्नास हजार हरून आलेला तरुण स्वतःचे पन्नास हजार हरला, असे क्वचितच घडते. शेतकऱ्याला त्याच दिवशी द्यावयाची पट्टी एक दिवस लांबते, मग दोन दिवस. मोंढ्यात ही गोष्ट दुसऱ्या दिवशी बोलली जाते आणि तिसऱ्या दिवशी माल शेजारच्या आडतीवर उतरतो. तीन पिढ्यांनी मिळविलेली पत अशी ओसरू लागते.

याहून अवघड भाग कीर्दीचा. दिवसअखेर रोकड मिळवताना गेलेल्या प्रत्येक रुपयाला काही ना काही खाते द्यावे लागते. कॅसिनोत हरलेली रक्कम कोणत्या खात्यावर लिहिणार? ‘प्रवास खर्च’ म्हणावे तर ते खोटे, ‘किरकोळ’ म्हणावे तर ती रक्कम किरकोळ नाही. खोट्या खात्यावर लिहिलेली पहिली रक्कम पुढील रकमेसाठी वाट मोकळी करते. हरलेले भरून काढण्यासाठी उसनवारी होते, आणि मग घरातील सोने. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराच्या विकारास व्यसनांच्या वर्गातच स्थान दिले. असा विकार जडलेल्या मुलाला शपथा घालून वा घराबाहेर काढून तो सुटत नाही. त्याला उपचाराची, आणि त्याआधी खरे सांगता येईल अशा एका माणसाची गरज असते. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे चांगले झाले. तरी कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. आत घरच्यांचीच जबाबदारी असते. दिवाळीत, म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या दिवसांत, शकुन म्हणून पत्त्यांवर पैसे लावण्याची रीत ज्या घरांत शिरली आहे, त्या घरांतील मुलांना मांडवीकाठची यंत्रे परकी वाटत नाहीत. ती रीत बंद करणे वडिलांच्या हाती आहे.

आणि ज्यांचा गोव्याचा बेत ठरलेलाच आहे, त्यांनी निघण्यापूर्वी एक साधा नियम घरात ठरवून घ्यावा. प्रवासात जो खर्च होईल, तो परतल्यावर ज्याच्या त्याच्या खऱ्या नावाने कीर्दीत लिहिला जाईल आणि ते पान आई, वडील, पत्नी यांच्यापैकी कोणीही उघडून पाहू शकेल. या नियमात मंगेशीचे दर्शन बसते, दूधसागरचा धबधबा बसतो, कळंगुटच्या वाळूत मुलांनी खाल्लेले मक्याचे कणीसही बसते. जे बसत नाही, त्याच्या दारावरून पुढे जावे.