खोदयंत्राची किंमत आणि त्याचा प्रवास

महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणात १९७९ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या २६ जानेवारीपासून रोजगार हमीचा कायदा अंमलात आला. आणि त्याच वर्षी एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत, हरियाणातील बल्लभगड येथे, जेसीबी ही ब्रिटिश कंपनी भारतात आली. पुढे कोणत्याही कारखान्याच्या खोदयंत्राला खेड्यात ‘जेसीबी’ हेच नाव पडले. मजुराच्या कुदळीचे काय झाले, हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर विषय आहे. येथे प्रश्न आहे तो यंत्र विकत घेणाऱ्याचा.

द्राक्षबागेच्या ओळीतून किंवा गावठाणातल्या बोळातून मोठे यंत्र जात नाही. म्हणून छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि मागे बॅकहो जोडलेल्या यंत्राकडे एखादा शिकलेला तरुण वळतो. तो किंमत विचारतो यंत्राची आणि कर्ज काढतो तेही यंत्रापुरतेच. परंतु एका बकेटवर धंदा होत नाही. नळाच्या चरासाठी अरुंद बकेट लागते, गाळ काढण्यासाठी रुंद, आणि खडक लागला की ब्रेकर. मागचा बॅकहो उतरवून नुसता लोडर चालवायचा, तर पुढे उचललेल्या ओझ्याने मागची चाके हलकी होतात; तेथे वजन बांधावे लागते किंवा टायरांत पाणी भरावे लागते. विक्रेत्याच्या दरपत्रकात या गोष्टी बहुधा शेवटच्या पानावर असतात.

याहून दुर्लक्षित खर्च वाहतुकीचा. मोटार वाहन नियमांनी बांधकाम यंत्राचे रस्त्यावरून जाणे आनुषंगिक, अल्पकाळाचे आणि ताशी ५० किलोमीटरच्या आतले मानले आहे. छोट्या यंत्राला तेवढाही वेग झेपत नाही. समजा, काम ३० किलोमीटरवर आहे आणि वेग ताशी २० किलोमीटर धरला. जाण्यायेण्यात तीन तास गेले आणि खोदकाम झाले दोन तासांचे. गिऱ्हाईक पैसे देते दोन तासांचे. डिझेल, टायर आणि ऑपरेटरचा दिवस मात्र पाच तासांचा खर्ची पडतो. अर्थशास्त्रात ज्याला स्थिर खर्च म्हणतात, तो अशा रिकाम्या तासांतही थांबत नाही, आणि कर्जाचा हप्ता तर मुळीच नाही.

उपाय ट्रेलरचा, पण तोही जाणतेपणाने घ्यावा लागतो. त्याची क्षमता नुसत्या ट्रॅक्टरच्या वजनावर नव्हे, तर लोडर, बॅकहो, जादा बकेटी आणि टाकीतले डिझेल धरून ठरवली पाहिजे. भार आसाच्या किंचित पुढे यावा. मागे गेला तर ट्रेलर वेगात झोकांड्या खातो. चारही कोपरे साखळीने आवळून बॅकहोचा हात खिळीने अडकवावा आणि वेगळा बांधावा. आज मात्र पुष्कळदा ट्रक मुरमाच्या उंचवट्याला भिडवून त्यावर यंत्र चढवले जाते, आणि उतरवायला तसा उंचवटा शोधत फिरावे लागते.

प्रत्येक मालकाने स्वतंत्र ट्रेलर घ्यावा, हे व्यवहार्य नाही. तो बहुतेक दिवस अंगणातच उभा राहील. परिसरातील सेवा सहकारी सोसायटीने किंवा अवजारे बँकेने एक ट्रेलर, एक ब्रेकर आणि दोन-तीन आकारांच्या बकेटी भाड्याने ठेवल्या, तर तेच भांडवल अनेकांच्या उपयोगी पडेल. बकेटीच्या पिना यंत्रागणिक वेगळ्या असतात, ही अडचण खरी आहे. म्हणून खरेदीपूर्वीच मालकांनी एकत्र बसून जोडणीचे माप ठरवावे. आणि कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने अर्जदाराला यंत्राच्या अश्वशक्तीआधी विचारावे, की काम किती किलोमीटरच्या आत मिळणार आहे.